साडेसोळा फुटांतला डग्गा

"अरे, जरा बारीक कर. डग्गा फार घुमतोय."

आत्या दिवाणावर भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापासून चार फुटांवर, माझ्या आरामखुर्चीत, मी. तबल्याच्या एका सोलोची सीडी लावली होती. उजव्या हाताच्या तबल्याचे बोल मला लख्ख ऐकू येत होते. ना, ता, तिट, अगदी बोटाचं नख लागल्यासारखे. नव्हता तो डाव्या हाताचा डग्गा. म्हणजे डग्ग्यावर हात पडल्याची चाहूल लागत होती, पण त्यामागचा घुमारा, जो छातीत उतरायला हवा, तो कुठे म्हणजे कुठे नव्हता. गेले दोन महिने मी त्याच्याच मागे लागलो होतो. आणि आत्या म्हणत होती की तो जास्त झालाय.

मी "बरं" म्हणालो, आवाज थोडा उतरवला आणि मनात म्हटलं, एक्क्याऐंशी वर्षांचे कान आहेत, तिला काहीतरी वेगळंच ऐकू येत असणार.

हे वाक्य मला अजून टोचतं. कारण वयाबरोबर माणसाच्या कानातून आधी वरचा आवाज जातो. पाखरांची किलबिल, झांजेची किणकिण, बोलण्यातले स आणि श. खालचा आवाज बराच काळ शाबूत राहतो. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. डग्ग्याच्या बाबतीत तिच्या कानांवर अविश्वास दाखवायला काहीच आधार नव्हता.

हे स्पीकर मूळचे मिरजेचे. १९९१ साली मी इंजिनिअरिंगला होतो. मुंबईला एका नातेवाइकाच्या लग्नाला गेलो तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून खालच्या आवाजाचे आठ इंची दोन वूफर आणि वरच्या आवाजाचे दोन ट्वीटर घेऊन आलो. खोकी आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी केली, एकोणीस मिलिमीटरच्या प्लायवूडची, आत कापूस भरलेली, सगळ्या बाजूंनी बंद. नोकरीसाठी मी डोंबिवलीला आलो, स्पीकर तिथेच राहिले. आत्या त्यांवर आकाशवाणी सांगली ऐकायची, कॅसेटी ऐकायची. ती मिरजेच्या सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेली. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवताना, कानस कशी चालते, ते तिने लहानपणी उंबऱ्यात बसून पाहिलंय. गाणं शिकली, वीस-बावीस वर्षं मुलींना शिकवलंही. तिचा आवाज आता बसला, तंबोरा तिने एका शिष्येला देऊन टाकला. गेल्या वर्षी मिरजेचं घर बंद करून ती आमच्याकडे आली, तेव्हा सामानाच्या टेम्पोत ही दोन खोकीही होती. "चार-पाच वर्षं लावलेच नाहीत," ती म्हणाली, "आवाज फाटायचा."

फाटायचा, कारण वूफरच फाटलेला होता. जाळी काढली आणि वूफरच्या कागदी कोनाच्या कडेच्या फोमला नुसतं बोट लावलं तर तो बोटाला चिकटून आला. काळपट, ओलसर, तेलकट, जुन्या स्पंजसारखा. कोनाच्या भोवती जी लवचिक कड असते, जिच्यामुळे कोन पुढे-मागे झुलतो, ती जुन्या वूफरमध्ये पुष्कळदा या फोमची असायची. दमट हवेत तो पंधरा-वीस वर्षांत कुजतो. स्पीकर वापरा, नाहीतर झाकून ठेवा, तो कुजायचा थांबत नाही. एका बाजूची कड अर्धी गळून गेली होती, दुसऱ्या बाजूची नुसती नावाला होती.

खालचा आवाज कमी येतो म्हणून नवे स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाने आधी एवढं करावं. जाळी काढावी आणि बॅटरीच्या उजेडात ही कड नीट पाहावी. वूफरचा कागद, चुंबक, कॉइल सगळं ठणठणीत असतं आणि शेवेएवढ्या रुंदीच्या फोमच्या कडेपायी सगळा स्पीकर भंगारात जातो. हे मला खरोखर वाईट वाटतं.

लॅमिंग्टन रोडच्याच एका आडगल्लीत कड बदलून देणारे एक दादा मिळाले. त्यांचं काम मी दोन तास उभा राहून पाहिलं. आधी ब्लेडने जुना फोम आणि त्याखालचा तीस वर्षांचा गोंद कोनावरून खरवडून काढला, कागदाला ओरखडाही न पडता. मग कोनाच्या मधली टोपी कापून उचलली. आत कॉइल आणि लोखंडी गाभा यांच्यामध्ये केसाएवढी फट. त्या फटीत त्यांनी जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या खोचल्या, चार दिशांना. कोन बरोबर मध्यावर धरून ठेवायचा तो असा. कड चिकटवून दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढायच्या. त्यांनी मला विचारलं, रबराची कड लावू का, टिकेल जास्त. पण रबर जड असतं, कोनाची चाल बदलते. या खोक्याला मूळचाच हलका फोम योग्य, असं त्यांचंच मत पडलं, आणि ते मला पटलं.

वूफर घरी आणले, तारा डाखल्या, स्क्रू आवळले, लावलं. आवाज स्वच्छ होता, फाटत नव्हता. पण पोकळ. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. गाणारा माणूस समोर मध्यभागी बसलेला वाटायला हवा, तो कुठे बसलाय तेच कळेना. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी डोक्याच्या मागे.

ही खूण ओळखीची असते. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या की असंच होतं. दोन्ही स्पीकरना एकच ठेका मिळतो, पण एकाचा कोन पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा तीच ओढून घेतो. वरच्या सुरांच्या लाटा वीतभर, बोटभर लांबीच्या असतात. त्या खोलीत कशाही मिसळतात, काही मिटतात, काही वाढतात, एकूण हिशेब फारसा बिघडत नाही. खालच्या सुराची लाट मात्र पाच-सहा मीटर लांब. तिच्यापुढे दोन स्पीकरमधलं सहा फुटांचं अंतर किरकोळच. त्यामुळे खालचा आवाज जवळजवळ पुरता मिटतो आणि नेमका तोच जातो.

वूफरच्या एका टोकाशी लाल ठिपका असतो. माझ्या एका वूफरवरचा तो इतक्या वर्षांत पुसला गेला होता, आणि मी अंदाजाने तार डाखली होती. खात्री करायची रीत सोपी आहे. दीड व्होल्टचा साधा सेल घ्यायचा. स्पीकरच्या तारा अँप्लिफायरमधून काढून सेलच्या टोकांना क्षणभर टेकवायच्या. लाल तार सेलच्या अधिक टोकाला लावली तर कोन बाहेर सरकायला हवा. मी जमिनीवर पालथा पडून कोनाच्या पातळीत डोळा आणला. डावा कोन टपकन बाहेर आला. उजवा आत गेला. अगदी मिलिमीटरभर, पण गेला.

तार उलटून लावली आणि आवाज एकदम समोर येऊन बसला. गायक मध्ये, तंबोरे दोन बाजूंना. आत्याने स्वयंपाकघरातून विचारलं, "आता काय केलंस रे?" डग्गाही आला, पण अर्धाच.

मग गळती शोधली. बंद खोक्याचा वूफर हा आतल्या कोंडलेल्या हवेवर टेकलेला असतो. ती हवाच त्याची स्प्रिंग. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी या कल्पनेवर लहानसा बंद स्पीकर काढला, तोवर खालच्या आवाजासाठी कपाटाएवढी खोकी लागायची. पण स्प्रिंग हवेची असल्यामुळे खोक्याला कुठे फट पडली की ती ढिली होते. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अलगद, सरळ आत दाबायचा आणि सोडायचा. खोकं घट्ट असेल तर तो रेंगाळत, सावकाश परत येतो. डावा रेंगाळला, उजवा झटकन परत आला. उदबत्ती लावून खोक्याच्या सगळ्या सांध्यांवरून फिरवली. मागे तारा जिथून बाहेर येतात त्या पट्टीपाशी धूर ठेक्याठेक्याला थरथरायला लागला. ती फट एम-सीलने बुजवली.

इथे तंबोऱ्याचा भोपळा आठवल्याशिवाय राहत नाही. नुसती तार हवेत कितीही छेडा, ती एवढीशी बारीक वस्तू, हवेला कितीशी ढकलणार? ती घोडीवरून तबलीला हलवते, तबली आणि भोपळा मिळून हवेला हलवतात, तेव्हा कुठे खर्ज, म्हणजे खालचा सा, खोलीत येतो. वूफरचं दुखणं थोडं वेगळं. तो हवा भरपूर ढकलतो, पण पुढून जेवढी ढकलतो तेवढीच मागून ओढतो, आणि मोकळा ठेवला तर पुढची लाट आणि मागची लाट कडेवरून वळसा घालून एकमेकींना मिटवतात. खोकं मागची लाट कोंडून ठेवतं. वूफर खोक्याबाहेर काढून वाजवून पाहा, पाण्यात भिजल्यासारखा वाटेल. मिरजेत भोपळा निवडणारा माणूस तासभर एकेका भोपळ्याला टिचक्या मारत बसायचा, असं आत्या सांगते. पंढरपूरकडून आलेल्या ढिगातून दोनच बाजूला निघायचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती बातमी तिने मला दोनदा वाचून दाखवायला लावली होती.

एवढं सगळं झालं, तरी माझ्या खुर्चीत डग्गा आला नाही.

मी सात-आठ वर्षं तबला शिकलोय. पुढे सुटला, पण डग्गा हाताला विसरत नाही. त्याची शाई, म्हणजे चामड्यावरचा काळा गोल, मध्यावर नसते, एका कडेला असते, आणि मनगटाची टाच तिच्या अलीकडच्या मोकळ्या चामड्यावर टेकलेली. बोटांनी 'घे' हा बोल मारायचा आणि मनगट पुढे रेटत न्यायचं, की सूर वर चढतो. रेटा काढला की खाली ओघळतो. तो ओघळण्याचा शेवट कानापेक्षा मांडीला आधी कळतो, कारण डग्गा मांडीशी असतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आपल्या या वाद्यांवर लिहिलं होतं, की शाईच्या वजनामुळे पुडीचे सूर एकमेकांशी जमतात आणि चामडं तारेसारखं सुरेल बोलतं. माझ्या खुर्चीत तो जमलेला वरचा भाग यायचा, ओघळून खाली जाणारा नाही. घे सुरू व्हायचा आणि मध्येच कुणीतरी पायरी काढून घेतल्यासारखा संपायचा.

तंबोऱ्याचंही तसंच. काळी एक पट्टीचा तंबोरा, म्हणजे मधल्या दोन तारांचा जोड साधारण १३८ हर्ट्झवर (सेकंदाला १३८ कंपनं) आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ वर. मला खर्ज ओळखू यायचा. पण तो फोनवरही ओळखू येतो. बोटाएवढ्या स्पीकरमधून ६९ हर्ट्झ बाहेर पडत नाहीत, पडतात ते त्याचे वरचे स्वर, १३८, २०७, २७६. त्या पायऱ्यांच्या अंतरावरून आपला मेंदू तळाचा सूर स्वतःच मांडतो. म्हणजे सुराचं नाव कळतं, वजन मिळत नाही. माझ्या खुर्चीत खर्जाचं नुसतं नाव येत होतं.

मी अँप्लिफायरचं बेसचं बटण फिरवलं. मग अजून फिरवलं. शेवटी ते पुरतं उजवीकडे टेकलं. एक मित्र म्हणाला, सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या आवाजाचा वेगळा डबा, घे आणि मोकळा हो. नाशिकच्या दुसऱ्या मित्राकडे हाच त्रास होता, पण त्याचं कारण यंत्रातच निघालं. त्याच्या रिसीव्हरमध्ये सबवूफर आहे असं नोंदलेलं होतं, घरात नव्हता, आणि ८० हर्ट्झखालचा सगळा आवाज त्या नसलेल्या डब्याकडे रवाना होत होता. एक खूण काढली आणि त्याचं घर भरलं. माझ्या साध्या अँप्लिफायरला असली काही भानगडच नाही.

मला वाटलं, आपण आवाज फार लहान ठेवतो म्हणून असेल. शेजारी बाळंतीण आहे, रात्री नऊनंतर आम्ही जपून लावतो. आणि हे कारण खोटं नाही. कान सगळ्या सुरांना सारखा न्याय देत नाही. आवाज लहान केला की खालचे सूर वरच्यांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली माणसांना बसवून हे मोजलं. जुन्या अँप्लिफायरवर लाउडनेस नावाचं जे बटण असायचं ते त्यासाठीच, रात्रीच्या बारीक आवाजात खालच्या सुरांना हात द्यायला. पण मी दुपारी, मोठ्याने लावूनही तेच. उलट दुपारीच आत्या म्हणाली, जरा बारीक कर.

त्यानंतरही आठवडा गेला असेल. रविवारची सकाळ होती, सीडी तीच. आत्याला चहा द्यायला उठलो. दिवाण हॉलच्या मागच्या भिंतीला लावलेला, त्याच्या उशाशी कोपऱ्यात छोटी टीपॉय. कप ठेवायला वाकलो आणि डग्गा कानात शिरला. नुसता शिरला नाही, गदगदून आला. कप बशीत किंचित वाजत होता.

मी सरळ झालो, खुर्चीकडे दोन पावलं गेलो. डग्गा गेला. परत वाकलो. आला.

"तुला हे असंच ऐकू येतं?" मी विचारलं.

"मग कसं ऐकू येणार?" आत्या म्हणाली. "महिनाभर सांगतेय ना तुला."

संध्याकाळी टेप काढली. फोनवर ठरावीक कंपनसंख्येचा सूर काढणारं अॅप असतं, त्यावर ६९ हर्ट्झ लावून फोन अँप्लिफायरला जोडला. एकच सपाट, संथ सूर, लांबून येणाऱ्या मालगाडीसारखा. मग हॉलच्या लांबीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चाललो. हे प्रत्येकाने आपल्या घरी एकदा तरी करावं, कारण ऐकून कितीही सांगितलं तरी खरं वाटत नाही. मागच्या भिंतीपाशी सूर अंगावर आला. पावलापावलाने उतरत गेला. चार फुटांवर जवळजवळ संपला, जणू कुणी कानावर हात ठेवला. पुढे पुन्हा चढू लागला, हॉलच्या मध्यावर भिंतीइतकाच भरला. आणखी पुढे पुन्हा ओसरला. टीव्हीच्या भिंतीशी परत भरला. स्पीकर तेच, बटणं तीच, सूर तोच. फक्त मी चालत होतो.

हॉलची लांबी साडेसोळा फूट. डोंबिवलीच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. त्याला ६९ ने भागलं तर एक लाट भरते पाच मीटरांच्या जरा वर, म्हणजे साडेसोळा फूट. काळी एकच्या खर्जाची लाट माझ्या हॉलएवढी होती. स्पीकरकडून निघालेली लाट मागच्या भिंतीवर आपटून परत येते आणि येणाऱ्या लाटेवर बसते. दोघी जिथे एकाच दिशेने जोर लावतात तिथे आवाज दुणावतो, जिथे विरुद्ध लावतात तिथे मिटतो, आणि या जागा हलत नाहीत. तंबोऱ्याची तार मध्यावर बोटाने हलकेच धरून छेडली की तिथे ती स्थिर राहते आणि दोन्ही अंगांनी झुलते, तसंच. एवढाच फरक की तार टोकांना स्थिर असते, खोलीतला दाब मात्र टोकांपाशी, म्हणजे भिंतींपाशी, सगळ्यात जास्त. या लाटेची मिटण्याची पहिली जागा भिंतीपासून लांबीच्या चौथाईवर. साडेसोळाची चौथाई चार फुटांच्या किंचित पुढे. मी खुर्चीत डोकं टेकून बसलो की माझा कान मागच्या भिंतीपासून चार फूट दोन इंच. टेपने दोनदा मोजलं.

ती खुर्ची आधी तिथे नव्हती. वर्षानुवर्षं ती मागच्या भिंतीला लागून होती. आत्या येणार म्हणून आम्ही दिवाण आणला, त्याला भिंतीची जागा दिली आणि खुर्ची पुढे ओढली. त्याच आठवड्यात मिरजेहून स्पीकर आले. म्हणून मी सगळा दोष स्पीकरमध्ये शोधत बसलो. थोडा होताही त्यांच्यात. पण उरलेला अर्धा डग्गा माझ्या खुर्चीच्या जागेने गिळला होता. आणि त्या जागेला बेसचं बटण काही करू शकत नाही. बटण वाढवलं की येणारी लाट वाढते, परतणारीही तेवढीच वाढते, आणि त्या ठिकाणी दोन्ही एकमेकींना पुन्हा तितक्याच मिटवतात. वाढतो तो फक्त इतर जागी. माझ्यासाठी पुरतं फिरवलेलं ते बटण सगळंच्या सगळं आत्याच्या पाठीमागच्या भिंतीवर जाऊन पडत होतं. ती महिनाभर ते सोसत होती, आणि जरा बारीक कर एवढंच म्हणत होती.

मिरजेच्या घरात हे असं कधी झालं नव्हतं, त्यालाही कारण होतं. तिथे वर कौलं, समोर ओसरीचं दार दिवसभर उघडं, मागे परसाचं. खालच्या सुराच्या लांब लाटेला बाहेर जायला वाटा होत्या. अर्धा खर्ज गल्लीत जायचा, पण घरात उरायचा तो सगळीकडे सारखा. इथे चारी बाजूंनी आणि वर-खाली काँक्रीट. ते ही लाट आत येऊ देत नाही, बाहेर जाऊ देत नाही, जवळपास आहे तशी परत पाठवतं. म्हणून डोंगर तेवढे उंच आणि दऱ्या तेवढ्या खोल. पडदे, गालिचे याला पुरे पडत नाहीत, ते वरच्या सुरांना लागू पडतात. पाच मीटरच्या लाटेला चादरीएवढा पडदा काय करणार.

तेव्हा माझं सांगणं इतकंच, की कमी बेससाठी दुकानात जायच्या आधी उठून खोलीभर चालावं. भिंतीशी जावं, कोपऱ्यात वाकावं, मध्ये उभं राहावं. आवाज कुठेतरी भरून येत असेल, तर तो स्पीकरमधून बाहेर पडतोच आहे. कुठेच येत नसेल तर मग तार, कड, खोकं बघावं. मी हे उलट्या क्रमाने केलं. कडेचं आणि तारेचं काम करावं लागणारच होतं, त्याचं मला काही नाही. पण आत्याचं वाक्य मी पहिल्याच दिवशी उठून तिच्या जागी बसून ऐकलं असतं, तर तिचा एक महिना वाचला असता.

दुसऱ्या दिवशी दिवाण हलवला. लांब भिंतीला, खिडकीखाली लावला. आत्याला ती जागा पहिल्यापासून हवी होती, तिथून खालचं जांभळाचं झाड दिसतं आणि पलीकडून जाणारी लोकल. "मी आपलं बोलले नाही," ती म्हणाली, "तुझी मांडणी ठरलेली होती." खुर्ची मागे नेली, अगदी भिंतीला नाही, कान दोन फुटांवर येईल अशी. भिंतीला लावली असती तर माझ्याकडे अती झालं असतं. बेसचं बटण मध्यावर आणलं.

मग तंबोरा लावला, नुसता तंबोरा, गाणं नाही. खर्जाची तार आली आणि तिच्याखाली जमीन आली. आत्या डोळे मिटून ऐकत होती. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला म्हणाली, "पंचम किंचित उतरलाय." सीडीवरचा पंचम. मी कान देऊन ऐकलं. उतरला होता, सुताएवढा.

तिच्या नव्या जागी घुमारा अजूनही माझ्यापेक्षा थोडा जास्त आहे. आडव्या भिंतींमधली वेगळी लाट तिथे भरते, आणि दहा फुटी हॉलमध्ये तिला दुसरीकडे बसवायला जागा नाही. काल रात्री सोलो लावला होता. तबल्याचा 'कायदा', म्हणजे ठरलेल्या बोलांचा विस्तार, रंगात आला होता, डाव्या हाताचं काम फार सुंदर होतं.

"अरे, जरा बारीक कर," आत्या म्हणाली.

मी उठलो, आधी तिच्याशेजारी दिवाणावर जाऊन बसलो, पाठ भिंतीला टेकली. पूर्ण एक आवर्तन ऐकलं. मग जाऊन बटण दोन खुणा खाली आणलं आणि पुन्हा तिच्यापाशी येऊन बसलो.

"आता?"

"अजून एक," ती म्हणाली.